पडली नाही

काठी मनगटावर बसली तेव्हा गाडीची चावी त्याच मनगटात अडकवलेली होती. तीच माझी चूक ठरली.

मी गावात आशाताई आहे, घरोघरी फिरून आरोग्याचं काम पाहणारी. सकाळी यादी लिहायची, काम झालं की खूण करायची, ही माझी सवय. एकदा एका बाळंतपणाच्या धावपळीत स्कूटीची चावी हरवली. तेव्हापासून चावीला नाडी बांधली. गाडी थांबली की चावी काढायची आणि नाडी मनगटात घालायची.

कपाशीवर बोंडअळी आली ते वर्ष होतं. कीटकनाशकाची फवारणी करून आलेली माणसं उलट्या करत, डोळे चोळत पडून होती. त्यांची यादी घेऊन मी दिग्रसला दवाखान्यात निघाले होते. नाक्यावर हवालदाराने हात दाखवला. माझ्या पुढे कापसाचा एक व्यापारी होता, बिनाहेल्मेटचा. त्याला म्हणाला, "चला शेठ, चला."

मग मला. "ताई, कागदं."

मी डिक्की उघडली, नाडी मनगटात घातली, फाइल दिली. लायसन, आरसी, विमा, पीयूसी. क्रमाने. त्याने लायसनवरचं आडनाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"कोन्या गावची तू?"

ताईची तू झाली. मी गाव सांगितलं.

"चावी दे."

"काहून? कागदं तर पूर्ण आहेत नं."

"तुमच्या लोकाईले कायदा लय येते. चावी दे म्हटलं."

त्याने चावीच ओढली. नाडी आवळली, चावीबरोबर माझा हातही गेला.

"सोड."

"सोडूनच राह्यली साहेब, नाडी अटकली..."

काठी बसली. मी हात पुढे केला, नाडी निघावी म्हणून. दुसरी बसली. पहिली रागाची म्हणू. दुसरी कशाची? हात तर मी पुढे केला होता.

नाडी तुटली. कागद रस्त्यावर सांडले. टपरीवर बसलेला एकजण हसला, "बांधून आनली का वं चावी?" हवालदाराने चावी मातीत फेकली. "जाय. मले कायदा नको शिकवू."

पावती फाडली नाही. म्हणजे गुन्हाच नव्हता. कागद पाहायला काठी लागत नाही. मी खाली वाकून कागद गोळा करत होते. फवारणीवाल्यांच्या यादीवर कोणाच्या तरी बुटाचा ठसा होता.

दवाखान्यात मनगटाचं हाड मोडलेलं निघालं. डॉक्टरने विचारलं, मी सांगितलं. त्याने लिहिलं आणि सहीला कागद पुढे केला. सही करण्याआधी मी वाचते. लिहिलं होतं : गाडीवरून पडल्याने.

"तुमच्याच भल्यासाठी लिहिलं, ताई. पोलिसांचं लफडं कशाला मागे लावून घेता?"

पडल्याने. तो शब्द माझ्या ओळखीचा होता. सुजलेल्या गालाची बाई यायची, नवरा दारात उभा राहून म्हणायचा, "पडली थे." मी लिहायचे, पडली. फवारणी करताना कोसळलेल्या मजुराच्या नावापुढे शेतमालक सांगायचा, "ऊन लागलं, लिहा ताई." मी लिहायचे, ऊन लागलं. कटकट नको, पुढचं काम आहे. माझी वही कशी स्वच्छ असायची. त्या स्वच्छ वहीत किती जणांना मी पाडलं होतं, किती जणांना ऊन लावलं होतं.

"सही करत नाही," मी म्हणाले. "उजव्यानं जमत नाही आन् डाव्यानं करायची नाही."

मी खुर्ची सोडली नाही. बाहेर रांग वाढली. शेवटी त्याने ओळ खोडली आणि लिहिलं : पोलिसाने काठीने मारल्याचे रुग्ण सांगते. तेव्हा मी डाव्या हाताने सही केली.

घरी नवरा म्हणाला, "तू काहीतरी बोलली असशील."

"बोलली. काहून, एवढंच."

माझी बाजू त्यानेही घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात डाव्या हाताने लिहिलेली तक्रार घेऊन गेले. टेबलामागच्या पोलिसाने वाचली. "नाव नाही, बक्कल नंबर नाही. कोनावर घेऊ तक्रार? नाक्यावर धा जण असते."

गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची तारीख मला तोंडपाठ. पण माझं हाड मोडणाऱ्याच्या छातीवरचा नंबर मी वाचला नाही. वाचणार कशी? मान खाली होती. वर्दी समोर आली की मान आपोआप खाली जाते. आईची जायची. माझीही गेली.

रात्री जुनी वही काढली. खोडाखोड मला आवडत नाही. तरी जिथे ऊन लागलं होतं तिथे रेघ मारून वर फवारणी लिहिलं. ज्या बायका पडल्या होत्या, त्यांच्या नावांपुढे प्रश्नचिन्ह केलं. आधी त्यांना विचारीन, मग लिहीन. नवरा दारात असला तर त्याला बाहेर काढून विचारीन.

उद्याची यादीही लिहिली. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं. प्लास्टर आहे, तेव्हा एसटीने नाक्यावर उतरायचं. तो नसेल तर परवा. परवा नसेल तर रोज. दिसला की समोर उभं राहायचं, मान वर करायची आणि नंबर वाचायचा. मोठ्याने.