ओढ्याकाठचा शेंदरी दगड

माझ्या गोठ्यासमोर ओढ्याकाठी जो शेंदरी देव आहे, तो मी बसवला. विहिरीच्या कामात निघालेला काळा दगड होता तो, सायकल टेकवायच्या उपयोगाचा. हे गावात कुणाला पटत नाही. सांगून बघितलंय.

मी मूळचा माणचा. चार शेळ्यांवर धंदा उभा केला आणि आटपाडीकडच्या या गावात ओढ्यालगतची पट्टी घेतली. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवताना मला कुणी गंडवलेलं नाही. शेळीच्या दातांआधी मी मालकाचे डोळे बघतो. पण या गावाशी केलेला एकही सौदा मला लाभला नाही, आणि त्याचा राग अजून पोटात आहे.

ओढ्याचा तो कोपरा गावाने कचऱ्यालाच दिला होता. कोंबड्यांची पिसं, लग्नातल्या प्लास्टिकच्या ताटल्या, लहान पोरांचे डायपर, सगळं तिथं. मोटारसायकल थांबवायचीसुद्धा तसदी नाही, चालत्या गाडीवरून पिशवी भिरकावायची. वारा सुटला की पिशव्या माझ्या शेळ्यांपुढे. मी पत्र्यावर रंगवून पाटी लावली, 'येथे कचरा टाकू नये'. आठ दिवसांत एक बाई स्कूटीवरून उतरली आणि थेट पाटीखाली गोणी ठेवायला लागली. मी ओरडलो, "बाई, वाचता येतं का न्हाई?"

"आवं, पाटी बघूनच तर आले! घरातनं सांगितलंय, पाटीपाशी टाकून ये."

सरपंचांकडे गेलो. मी रोज घंटागाडी मागितली, ते म्हणाले आठवड्यातून एकदा. तासभर घासाघीस करून आठवड्यातून दोन दिवसांवर आणलं. गाडी दोनदा आली. मग तिचं चाक गेलं, मग ड्रायव्हर गेला. पुन्हा गेलो तर सरपंच हसत म्हणाले, "गड्या, वाऱ्यानं येतंय त्याला मी काय करू? तू गोठा हलीव की." इतकी वर्षं राहूनही त्यांच्या लेखी मी बाहेरचाच.

तेव्हा मी डोकं चालवलं. जिन्याच्या कोपऱ्यात लोक थुंकू नयेत म्हणून देवांच्या फरशा बसवतात, ते साताऱ्यात पाहिलं होतं. एका पहाटे तो कोपरा स्वतः खोऱ्याने साफ केला, दगड उभा केला, तेलात कालवलेला शेंदूर फासला आणि एक नारळ फोडला. बायकोलाही बोललो नाही.

महिनाभर एक पिशवी पडली नाही. मोटारसायकलवाले कपाळाला हात लावून पुढे जायचे. मी गोठ्यात बसून मनातल्या मनात हसायचो. अख्खं गाव एका दगडात गुंडाळलं होतं.

मग कुणीतरी हार वाहिला. मग कुणीतरी घरातले जुने हार आणले. देवाचं जुनं झालेलं काही कचऱ्यात टाकता येत नाही, आणि आमच्या ओढ्याला पाणी असतं ते थोडे दिवस. इतकी वर्षं लोक ते कुठल्या ना कुठल्या झाडाखाली ठेवत आले होते. मी त्यांना हक्काची जागा करून दिली. तडकलेल्या तसबिरी आल्या, देवांची कॅलेंडरं आली, आणि निर्माल्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या तर रोजच. डायपरला शेळी तोंड लावत नाही. पण ज्या पिशवीत हार आहे, केळीचं पान आहे, खोबऱ्याची फोड आहे, ती पिशवी शेळी गाठीसकट खाते.

माझी सगळ्यात चांगली शेळी, दर वेताला जुळी देणारी, अशीच गेली. पोट फुगलं, रवंथ बंद. मेल्यावर डॉक्टरांनी पोट उघडलं. आत पिशव्यांचा पीळ आणि त्यात हाराचा दोरा, झेंडूच्या पाकळ्या चिकटलेला.

घंटागाडी तोवर पुन्हा सुरू झाली होती. तिला आडवा झालो. "हे सगळं उचल."

"देवाचं हाय ते, आमी हात लावणार न्हाई," नवा ड्रायव्हर म्हणाला. "कचरा असंल तर सांगा."

मी पहार घेतली आणि भर दुपारी दगड उपटायला गेलो. शेजारच्या वस्तीवरची म्हातारी तिथं उदबत्ती लावत होती. तिने पहारच धरली. मी तिला सगळं सांगून टाकलं. दगड विहिरीतला, शेंदूर दुकानातला, खटाटोप कचऱ्यासाठी. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"दगड तू ठिवलास, खरं हाय. पर हितंच ठिवायची बुद्धी तुला कुनी दिली रं?"

मी पहार तिच्या हातातून सोडवून घेतली. "शेळी गेली म्हनून देवावर राग धरू ने, लेकरा," असं म्हणून ती उदबत्ती लावायला वळली. मी पहार घेऊन परत आलो.

आता शेळ्या आतच बांधतो, चारा कापून घालतो. कमी करत आणल्यात. परवा बायकोने आमच्याच देव्हाऱ्यातली तडकलेली तसबीर पिशवीत घालून माझ्या हातात दिली. मी तिच्यावर खेकसलो.

"मग घरात ठिवू का उकिरड्यावर टाकू?" ती म्हणाली. "तुमीच सांगा."

त्या दगडाशिवाय तिसरी जागा नव्हती. गेलो, तसबीर पिशवीतून काढली आणि काच कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून पालथी ठेवली. पिशवी घडी घालून खिशात घातली. मी परत येईपर्यंत दुसऱ्या दोन पिशव्या वाऱ्याने गोठ्याच्या जाळीला येऊन चिकटल्या होत्या, आणि आतून एक शेळी त्यांच्याकडे मान ताणत होती.