काळी चौकट

बाजारात त्याला सगळे 'चौकटवाला' म्हणत. छापखाना मागच्या गल्लीत, लहानसाच. एका खोलीत मशीन, दुसरीत संगणक. पण कुणी वारलं की माणसं आधी डॉक्टरांचा दाखला घेत आणि तिथून थेट त्याच्याकडे येत. निधनाचे कागद छापावेत तर त्यानेच. समोरचा हॉटेलवाला रोज विचारी, "आज कुणाला बसवलंस चौकटीत?" हा हसून चहा प्यायचा. धंदाच तसा, वाईट वाटून घेऊन कसं चालेल?

पण त्या कामात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता, हे खरं. फोटो वर, मधोमध. खाली नाव, मोठं पण सडसडीत अक्षरांत. मग मोकळी जागा, भरपूर. बाकीचा मजकूर बारीक, आणि कडेने काळी रेघ. "सेलच्या जाहिरातीत अक्षरांनी गिऱ्हाइकाची गचांडी धरायची असते," तो म्हणे, "इथे अक्षरांनी मान खाली घालून उभं राहायचं. माणूस लांबून येताना, वाचायच्या आधीच गप्प झाला पाहिजे." आणि माणसं गप्प होतही असत. त्याला त्याचा केवढा अभिमान!

हे सगळं त्याला शिकवलं ते दादाने. वडील लवकर गेले. दादानेच त्याला वाढवलं, छापखाना काढला, खिळे जुळवायला शिकवलं आणि एक दिवस किल्ल्या त्याच्या हातात ठेवून दादा घरी बसला. अलीकडे दादाला विसर पडू लागला होता. आधी चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, मग शेजाऱ्यांची नावं, मग घराची गल्ली. एका सोमवारी वहिनी आंघोळीला गेली तेवढ्यात दादा चपला घालून बाहेर पडला, तो परत आलाच नाही.

दोघांनी सगळं गाव पालथं घातलं. पोलिसांत कळवलं. मग तो छापखान्यात येऊन बसला. डोकं बधिर झालं होतं. हात मात्र सवयीने चालत राहिले. फोटो निवडला तो कोटातला. खाली नाव मोठं. 'हरवले आहेत, कृपया कळवावे' हे त्याखाली बारीक अक्षरांत, अदबीने. फोन नंबर अगदी तळाला. कडेने रेघ. कागद बघून वहिनीला भरून आलं. "शोभतोय हो त्यांना," ती म्हणाली. तिला तरी काय खटकणार? घरावरच तशी कळा आली होती.

मंगळवारी कागद भिंतीभिंतीवर लागले. फोन मात्र एकही आला नाही. शुक्रवारी दादाचा न्हावी भेटला. याचा हात हातात घेऊन म्हणाला, "भाऊ, एवढं झालं आणि अंत्ययात्रेला बोलावलंही नाहीत?"

 हा तसाच बस स्टँडवरचा कागद बघायला धावला. तिथल्या भिंतीवर दादा कोट घालून, काळ्या चौकटीत बसला होता. खाली एक बाई फळं विकत होती.

"मावशी, यांना पाहिलंत का हो?"

"हे वारले ना?" बाई म्हणाली. "पण अगदी असाच एक म्हातारा मंगळवारी इथं बसला होता, या कागदाखालीच. मला वाटलं, भाऊबिऊ असेल यांचा. केळं दिलं. खाल्लं आणि गेला."

"अहो, खाली लिहिलंय की, हरवलेत म्हणून!"

"असला कागद कोण वाचतंय बाबा? काळी चौकट दिसली की हात जोडायचे आणि आपल्या कामाला लागायचं."

 न वाचताच लोकांनी मान खाली घालावी म्हणून तो आयुष्यभर झटला होता, आणि लोकांनी नेमकं तेच केलं होतं.

शनिवारी सकाळी नवा कागद निघाला. दाढी वाढलेला, बनियनमधला दादा, चेहरा कागदभर. लाल, ठसठशीत अक्षरं: 'यांना पाहिलंत का?' नंबर वितीएवढा.

"माझ्या नवऱ्याचा सेल लावलात की काय?" वहिनी कळवळून म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "सेलचं वाचतात लोक."

आणि लोकांनी वाचलं. दुपारपासून फोन खणखणू लागला. वहिनी प्रत्येकाला एकच विचारायची, "कधी दिसले?" रिक्षावाल्याला मंगळवारी दिसले होते. चहावाल्याला बुधवारी, त्याने चहाही पाजला होता. शाळेच्या पहारेकऱ्याला गुरुवारी सकाळी. "छापखान्याची वाट विचारत होते," तो म्हणाला. "मी दाखवली, पण ते उलटे हायवेकडे वळले. हाक मारणार होतो. पण म्हटलं, चौकटीतले गृहस्थ तर गेले, हे दुसरेच कुणीतरी असतील."

गुरुवारनंतर दादा कुणाच्याच दृष्टीस पडला नाही, आजतागायत नाही.

त्या संध्याकाळी वहिनीने फोन खाली ठेवला आणि ती त्याच्याकडे वळली. तिला राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "सगळ्या गावाने पाहिलं हो त्यांना."