वीस-दहाचा सौदा

“परबशेट, दोन-दोन हीलर कशाला हवेत? पब्लिकला मारामारी बघायचीय,” केदार म्हणाला.

केदार गेम कंपनीचा मार्केटिंग मॅनेजर. माझ्या घाटकोपरच्या गेमिंग कॅफेत, माझ्याच खुर्चीवर बसून, माझाच चहा पीत तो माझी टीम बदलत होता. समोर रीटा उभी होती. मरोळ गावठाणातली, शाळेत गणित शिकवणारी, पस्तिशीची. चार वर्षं दर शनिवार-रविवार ती माझ्याकडे खेळत होती.

“मी बदलणार नाही,” ती म्हणाली.

आधी हा प्रकार काय ते सांगतो. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये एकट्याला न पेलणारा राक्षस असतो. त्याला बॉस म्हणतात. आठ जणांनी मिळून त्याच्यावर चाल करून जायचं, ती रेड. आठांपैकी एकाने पुढे उभं राहून मार खायचा, तो टँक. दोघांनी सगळ्यांची मलमपट्टी करायची, ते हीलर. उरलेल्या पाचांनी मारत सुटायचं, ते डॅमेज. शिवाय प्रत्येकाला तीस पॉइंट मिळतात. ते कुठल्या कौशल्यावर टाकायचे याच्या हिशेबाला बिल्ड म्हणतात. रीटाचे तीसच्या तीस हीलिंगवर होते.

कंपनीला मुंबईतून एक टीम हवी होती. वर्षभर देशभरातल्या त्यांच्या कार्यक्रमांत तीच खेळणार. त्यासाठी मुलुंडच्या एका मॉलमध्ये, रविवारी दुपारी, लोकांसमोर, तीन प्रयत्नांत नवा बॉस मारायचा होता. रीटाने शाळेच्या रजेचा अर्जसुद्धा लिहून पर्समध्ये ठेवला होता. “शेट, बोर्डाचे पेपर तपासायला सोडून मी कधी गावाबाहेर गेलेली नाही,” असं हसत सांगायची.

केदारची अडचण होती डॅमेज मीटर. कोणी किती मारलं त्याचे आकडे मॉलच्या मोठ्या स्क्रीनवर दिसणार. हीलर त्यात नेहमी तळाला.

“स्पॉन्सर विचारतील, ही बाई नेमकं करते काय?”

“बाकीच्यांना जिवंत ठेवते,” रीटा म्हणाली. “बॉसचा व्हिडिओ मी पाहिलाय. तो मध्येच डरकाळी फोडतो. तेव्हा आठही जणांवर ढाल लागते. ती फक्त माझ्या क्लासकडे, म्हणजे माझ्या जातीच्या पात्राकडे आहे, आणि हीलिंगवर तिसावा पॉइंट टाकला तरच मिळते.”

“मग तीसच्या तीस डॅमेजवर टाका ना. डरकाळीच्या आधीच मारून टाका त्याला!”

मी लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर जुने मॉनिटर विकून वर आलो. तिथे एक शिकलो. विकणारा तीस सांगतो, घेणारा दहा म्हणतो, सौदा वीसला पटतो. दोघांचे चेहरे पडले की समजायचं, भाव बरोबर लागला.

“ऐका दोघं,” मी म्हणालो. “वीस हीलिंग, दहा डॅमेज. विषय संपला.”

“शेट, हा भाजीबाजार नाही,” रीटा म्हणाली. “वीस पॉइंटला दोन-तृतीयांश ढाल मिळत नाही. शून्य मिळते.”

माझं डोकं फिरलं. बाहेरच्या माणसासमोर मला कोणी शिकवलेलं चालत नाही. “कॅफे माझा, टीम माझी. जमत असेल तर बस, नाहीतर तुझ्या जागी दुसरा बसवतो.”

तिने कीबोर्ड पुढे ओढला, वीस आणि दहा भरले आणि सबमिट दाबलं. नियमाप्रमाणे त्या रेडपुरतं बिल्ड तिथेच लॉक झालं. दोघांचे चेहरे पडले होते. मी मात्र खूश.

मुलुंडला पहिल्या प्रयत्नात झकास सुरुवात झाली. मीटरवर रीटा आठव्यावरून सहाव्यावर आली. केदारने लांबूनच मान डोलावली. मग बॉसने डरकाळी फोडली आणि आठही जण एका झटक्यात आडवे. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या वेळी रीटाने जवळची सगळी औषधं डरकाळीआधीच वाटून टाकली. ती स्वतः मेली, पण पाच जण उभे राहिले. ते लढत राहिले. बॉसची लाल पट्टी नखाएवढी उरली असताना शेवटचा माणूस पडला.

“रीटा, हीलिंग कुठे होतं?” मी सगळ्यांदेखत ओरडलो.

“दहा पॉइंट तिकडे गेले, शेट,” ती स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाली. “सहाव्या नंबरवर बघा.”

तेवढ्यात कंपनीच्या वांद्र्याच्या ऑफिसातल्या मॅडम आल्या. निवड त्यांच्या हातात होती. म्हणाल्या, “तुमची टीम बाद आहे. पण मला एक राखीव हीलर हवीय. ढाल नसताना हिने पाच जण वाचवले. फक्त हे बिल्ड फार विचित्र आहे. कोणी ठरवलं?”

केदारने फोनमध्ये डोकं घातलं. रीटाने माझ्याकडे पाहिलं.

माझ्या डोक्यात कॅफेचं नाव होतं. परबला बिल्ड कळत नाही असं झालं, तर पुढच्या वेळी मला कोण बोलावणार?

“ज्याचं त्याने ठरवलं,” मी म्हणालो.

मॅडमनी वहीत रीटाच्या नावावर फुली मारली आणि पुढच्या टीमकडे गेल्या.

रीटा बोलू शकली असती, पण बोलली नाही. ती शिक्षिका आहे. पोराला स्वतःहून चूक कबूल करायला वेळ देतात, तसा तिने मला दिला असावा. बराच वेळ दिला. मग कॅफेचा हेडफोन काढून वायर नीट गुंडाळली, माझ्या हातात ठेवला आणि गेली.

केदारचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. महिन्याभराने कळलं, घाटकोपरवाल्यांना खेळ कळत नाही असं तो सांगत फिरतोय. मी फोन लावून त्याची आई-बहीण काढली. तो शांतपणे म्हणाला, “परबशेट, वीस-दहा मी नव्हतं सांगितलं.” खरं होतं. तो तीस मागत होता. वीस-दहा माझंच.

रीटा आता पार्ल्याच्या एका ग्रुपबरोबर खेळते. गेममध्ये तिचं प्रोफाइल उघडलं की बिल्ड दिसतं. तीसच्या तीस हीलिंगवर. मी एकदा फोन केला. “शेट, पेपर तपासतेय,” म्हणाली. महिना जूनचा होता, बोर्डाचा निकालही लागून गेलेला.

मॉनिटरच्या भावात मधला आकडा असतो. ढालीत नसतो. हे मला त्या दिवशी एका गणिताच्या बाईने तोंडावर सांगितलं होतं, फुकटात.

आता टीम पाठवताना मी एक फॉर्म भरून घेतो. शेवटचा रकाना आहे, ‘बिल्ड कोणी ठरवलं’. खेळाडू स्वतः लिहितो, मी खाली सही करतो. पहिला फॉर्म मीच भरला. खेळाडू रीटा, वीस-दहा, आणि शेवटच्या रकान्यात माझं नाव. तो गल्ल्याच्या खणात पडून आहे. घाटकोपरहून मरोळ मेट्रोने चार स्टेशनं. अजून गेलेलो नाही.