भिवापूरच्या सातऱ्यावर कोण हललं?

मागच्या हिवाळ्यात भिवापूरला मी वच्छलाबाई नावाच्या एका मजूर बाईंचा फोटो काढला आणि प्रिंट आणून देईन असा शब्द दिला. घरी येऊन पाहिलं तर फोटो हललेला. प्रिंट गेली नाही. वर्षभर मी स्वतःला सांगत राहिले की बाईच हलल्या. या जानेवारीत आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या गटाने पुन्हा भिवापूर ठरवलं, तेव्हा सगळ्यांत आधी मी नाव दिलं. दिलेल्या शब्दासाठी की सहलीच्या हौसेने, हे आजही छातीठोक सांगता येत नाही.

नागपूरहून उमरेडमार्गे भिवापूर साधारण सत्तर किलोमीटर. सकाळी साडेसहाला निघालो. तीन गाड्या, अकरा माणसं आणि एखादं दुकान थाटता येईल इतक्या लेन्स. उमरेडला तर्रीपोहे खाल्ले. तुम्हीही तिथेच पोटभर खाऊन घ्या, पुढे तोंड उघडायची सोय नाही. ठेल्यासमोरच आमच्या मार्गदर्शक सरांनी स्थिर हातावर वर्ग घेतला. पाय फाकवा, कोपरं बरगड्यांना चिकटवा, श्वास अर्धा सोडा, थांबा, मग बटण दाबा. अकरा प्रौढ माणसं रस्त्याच्या कडेला श्वास रोखून उभी! ठेलेवाल्याने काळजीने विचारलं, "काहून जी, तर्री जास्त झाली काय?"

सातरा म्हणजे मिरची पसरून तिची देठं खुडण्याचं आवार. वर टिनांचं छप्पर, त्याला लोखंडी खांब, खाली लालभडक ढीग आणि ढिगांभोवती तोंडाला पदर बांधून बसलेल्या बाया. जाणार असाल तर मालकाला आधी विचारा, ओला रुमाल न्या आणि डोळ्यांत लेन्स घालत असाल तर त्या घरी ठेवून चष्म्यावर जा. आमच्यापैकी कोणीच रुमाल भिजवला नव्हता. श्वास रोखायला सगळ्यांत आधी सर उभे राहिले आणि सगळ्यांत आधी तेच शिंकले. मग दहाही शिष्य. लाखाची लेन्स, कोपरं बरगड्यांना, आणि नाकातून धार. बाया पदराआड हसत होत्या.

शिंका ओसरल्यावर कलेने उचल खाल्ली. "मावशी, मिरच्या जरा वर उडवा ना, भारी येईल!" आमच्यातला एक म्हणाला.

"मिरची हाय जी हे, गुलाल नाही," एक बाई म्हणाली. "निवडलेला माल मातीत गेला तं तुम्ही वेचसान काय?"

त्याने खुशाल दुसऱ्या बाईला विचारलं.

वच्छलाबाई गेल्या वर्षीच्याच खांबाशी बसल्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "आल्या काय म्याडम? अन् माहा फोटो?"

मी मोबाइलवर तो जुना फोटो दाखवला आणि म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही हललात ना, म्हणून बिघडला."

सर मागून डोकावले. "बरोबर. मावशी, फोटो काढताना हलायचं नसतं."

वच्छलाबाईंनी हात पुसून मोबाइल घेतला, लांब धरून बराच वेळ पाहिला. शेजारीण म्हणाली, "हललीच असशीन वं तू. तुह्या हाताले चैन कुठं हाय!"

"हो, हलली असन," एवढंच म्हणून त्यांनी मोबाइल परत दिला. मग काम थांबवून, पाठ ताठ करून दगडासारख्या बसल्या. मजुरी किलोवर, आणि शेजारणीचा ढीग तेवढ्या वेळात वाढत गेला. माझा फोटो मात्र स्वच्छ आला. सर म्हणाले, "बघा, सहकार्य मिळालं की जमतं."

मी मान डोलावली. हे लिहिताना लाज वाटते, पण मान डोलावली.

घरी नव्या फोटोची प्रिंट काढली आणि जुना फोटो पुसून टाकायला मोठ्या पडद्यावर उघडला. वच्छलाबाईंच्या मागचा लोखंडी खांब दुहेरी दिसत होता. ढिगातल्या प्रत्येक मिरचीला जुळी बहीण. माणूस हलला तर फोटोत माणूसच फिसकटतो; कॅमेरा हलला तर सगळं जग फिसकटतं. हे मला बारा वर्षांपासून माहीत आहे. म्हणजे अज्ञानाचीही सबब नव्हती. सरांवर, लेन्सांवर, मिरच्या उडवायला सांगणाऱ्यावर दिवसभर मनात जे जे बोलले, ते निम्मं तरी मलाच लागू होतं.

पुढच्या रविवारी गटाला न सांगता नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवरून एकटीच एसटीने गेले. रुमाल भिजवून नेला होता. प्रिंट वच्छलाबाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "बाई, गेल्या वर्षी तुम्ही नाही, मी हलले होते. खोटं बोलले."

"मले मालूम होतं."

"कसं?"

"फोटोत खांबही हललेला दिसून राहिला होता न जी. खांब हलला असता तं टिना आमच्या डोस्क्यावर नसत्या पडल्या काय?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमच्या सायबापुढं काहून बोलू? तुमची आबरू गेली असती." मग त्यांनी प्रिंट निरखली आणि नाक मुरडलं. "पन हे तं आधार कार्डावानी हाय. बसा त्या पोत्यावर, वाऱ्याकडं पाठ करा. मी काम करत राह्यतो, तुम्ही काढा."

बसले. कोपरं गुडघ्यांवर टेकली, शिंका आल्या नाहीत.

तो तिसरा फोटो आता माझ्या टेबलावर आहे, त्याची प्रिंट त्यांच्याकडे पोचली. चेहरा स्वच्छ, पदराआडूनही हसरा. देठ खुडणारा उजवा हात मात्र पार फिसकटलाय. या वेळी खरंच वच्छलाबाई हलल्या. खांब तपासूनच लिहिते आहे.