गॅरेजमधली खोकी

अमेरिकेत, नेपरव्हिलला आम्ही कुठलीही वस्तू घेतली, की तिचं खोकं जपून ठेवायचो. टीव्हीचं, मिक्सरचं, मुलीच्या सायकलचंसुद्धा, आतल्या थर्माकोलसकट. नोकरी गेली तर व्हिसाही जाणार, मग सामान बांधून नागपूर गाठायचं, तेव्हा खोकी कुठून आणायची? त्यामुळे गॅरेज खोक्यांनी भरलेलं आणि गाडी बाहेर बर्फात. रोज सकाळी काच खरवडताना मी त्या खोक्यांना शिव्या घालायचो, पण टाकायची हिंमत कधी झाली नाही. गॅरेजमधून व्हिडिओ कॉल केला, की आईला ती मागे दिसायची.

कंपनीनं ग्रीन कार्डसाठी अर्ज केला तेव्हा मुलगी रांगत होती. परवा कार्ड हातात आलं तेव्हा ती गाडी चालवायला शिकत होती.

शनिवारी मी सगळी खोकी फाडून टाकली आणि गाडी पहिल्यांदाच आत लावली. लगेच नागपूरला आईला कॉल केला. कार्डाचं ऐकून तिनं देवापुढे साखर ठेवली. मग मी ऐटीत तिला गॅरेज दाखवलं.

तिनं चष्मा लावून फोन जवळ धरला.

"टीव्हीचं खोकंपण टाकलंस?"

"हो. आता कशाला लागतंय?"

"बरं केलंस. गाडी बिचारी थंडीत उभी असायची." मग अगदी सहज विचारावं तसं म्हणाली, "तुमची वरची खोली मी अजून रोज झाडते रे. आता तिथं वर्षाचे गहू ठेवू का?"