झेंड्याची नळी
वडिलांची उघड्या टपाची जुनी गाडी मी पुन्हा चालती केली. इंजिनपासून कापडी टपापर्यंत सगळं मूळ होतं तसंच करून घेतलं. कोथरूडचे एक जाणकार बघायला आले. बंपरला वडिलांनी वेल्डिंग करून घेतलेली लोखंडी नळी त्यांना खटकली.

"अहो, हे ओरिजिनल नाही. कापून टाका, प्रदर्शनात बक्षीस मिळेल."

दर जयंतीला त्या नळीत निळा झेंडा खोवून वडील मिरवणुकीच्या पुढे गाडी चालवायचे. मी म्हटलं, "बक्षीस राहू द्या."

ही गाडी बनली तेव्हा तिच्यात आमच्यासारखं कुणी बसेल, हे बनवणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल. त्या हिशेबाने मीही ओरिजिनल नाही. पण यंदाच्या जयंतीला गाडी मीच चालवणार आहे, आणि झेंडा त्याच नळीत असेल.