धोंडुबाईची लॉरी आणि तीन महिन्यांची गॅरंटी

कोडोलीच्या धोंडुबाईला दबवायला गेलेला माणूस स्वतःच घाम पुसत परत येतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कोल्हापूरच्या शाहूपुरीत जुन्या गाड्या विकणाऱ्या सयाजीला तेवढं ठाऊक नव्हतं. त्याचं नशीब, दुसरं काय.

बावन्न साली बाईनं त्याच्याकडून लढाईनंतर लष्करानं मोडीत काढलेली लॉरी घेतली. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, घरचं गुऱ्हाळ एकटी हाकत होती. गावाचा गूळ आपल्याच लॉरीनं कोल्हापूरच्या पेठेत न्यायचा, असं तिनं मनात घेतलं आणि गळ्यातली पुतळ्यांची माळ त्यापायी मोडली. सयाजीनं कागदावर लिहून दिलं: गॅरंटी तीन महिने, विकताना असलेला दोष माझा, नंतरचा तुमचा.

अडीच महिने सरले आणि ऐन हंगामात गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं. गिअर करकरू लागले. लॉरी चालवणारा तिचा दीर ज्ञानू सयाजीकडं गेला, तर त्यानं ज्ञानूलाच झाडलं, "तुला धड गिअर टाकाय येत न्हाय आणि माझ्या नावानं बोंब मारतोस व्हय?" ज्ञानू बिचारा मान खाली घालून परतला. लॉरी उभी राहिली तर हंगाम बुडणार, आणि माळ तर गेलीच होती.

पण रडत बसेल ती धोंडुबाई कसली? ती लॉरीपाशी उकिडवी बसली. तेलाच्या डागाशेजारी एक खपली पडली होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. तेलाला मुंगी कशाला येतीय? बाई खाली शिरली, गिअरबॉक्सच्या सांध्यावरची तसलीच खपली काढली, आतल्या बाजूनं जरा खरवडलं आणि सरळ जिभेवर ठेवलं.

"वैनी, कायबी तोंडात घालू नगा," ज्ञानू म्हणाला.

"गूळ-चुना हाय," बाई थुंकून म्हणाली. "गूळबी हलक्यातला."

जन्म गुऱ्हाळावर गेलेला, तिची जीभ चुकते होय? भिंतीच्या भेगेत भरावा तसा गूळ-चुना सयाजीनं सांध्यात लिंपला होता आणि वरून काळा रंग मारला होता. हंगामात खेपा वाढल्या, गाडी तापली, गूळ पाघळला, तेल सुटलं. एवढी अक्कल सरळ धंद्यात लावली असती तर गड्यानं बंगला बांधला असता.

दुसऱ्या दिवशी गुळाचे सौदे चालू असताना बाईनं सयाजीला पेठेत गाठलं. अडते, हमाल सगळे होते. गॅरंटीच्या कागदावर खपली ठेवून तिनं पुढं धरली.

"पावणं, दिरानं गिअरबॉक्स फोडला म्हणता. मग तुमच्या रंगाच्या आत ह्यो गूळ कुणी भरला?"

"आक्का, दुकानात चला, बसून बोलू."

"हितंच बोला की. हितं गुळातलं समद्यास्नी कळतंय."

एका म्हाताऱ्या अडत्यानं खपली उचलली, जिभेला लावली आणि होकारार्थी मान डोलावली. हमाल हसायला लागले. सयाजीचं तोंड एवढंसं झालं.

दोन दिवसांत दुसरा गिअरबॉक्स बसला. सयाजीनं किल्ली पुढं केली, पण बाईनं आधी कागद पुढं केला.

"ह्यावर आजची तारीख घाला."

"आक्का, गॅरंटीचं धाच दिवस ऱ्हायल्यात."

"ती तुमच्या गुळाची गॅरंटी हुती, ती संपली. गिअरबॉक्सची आजपास्नं सुरू."

सयाजीनं तारीख घातली.